लिव्हर बिघडलं की रक्ताची उलटी का होते? कावीळ, जलोदर आणि रक्तवाहिन्यांचं नातं समजून घ्या

रात्री माणूस नीट जेवून झोपतो आणि पहाटे एकदम तांब्याभर रक्ताची उलटी होते. घरात रडारड सुरू होते. कुणी म्हणतं टीबी असेल, कुणी म्हणतं अल्सर फुटला, एखादी म्हातारी हळूच करणीचं नाव काढते. गाडी करून तालुक्याला नेल्यावर डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "यांना आधी कधी कावीळ झाली होती का? दारू घेतात का?" नातेवाईक चक्रावतात. उलटी झाली तोंडातून, त्यात लिव्हरचा काय संबंध?

संबंध थेट आहे. लिव्हर म्हणजे यकृत हे रक्ताच्या वाटेवर बसलेलं इंद्रिय आहे. ते आतून कडक झालं की त्याच्या मागच्या रक्तवाहिन्या तुंबतात, फुगतात आणि एखाद्या दिवशी फुटतात. जगभरातल्या संशोधनाने गेल्या पन्नास-साठ वर्षांत या आजाराबद्दल खूप काही शोधलं आहे आणि त्यातलं बरंचसं आपल्या जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचलेलंही आहे. अडचण एवढीच की ते गावात कुणी सांगत नाही.

पाटाला अडथळा आला की पाणी कुठं जातं?

उजव्या बरगड्यांच्या खाली असलेलं लिव्हर मोठ्या माणसात साधारण सव्वा ते दीड किलोचं असतं. दर मिनिटाला त्यातून जवळपास दीड लिटर रक्त जातं. गंमत अशी की या रक्ताचा फक्त चौथा हिस्सा हृदयाकडून ताज्या धमनीतून येतो. बाकीचा तीन चतुर्थांश हिस्सा आतडी, जठर आणि पाणथरी म्हणजे प्लीहा यांच्याकडून एका मोठ्या शिरेतून येतो. तिला डॉक्टर पोर्टल व्हेन म्हणतात. आपण खाल्लेलं अन्न, घेतलेली गोळी, प्यालेली दारू, सगळं पचून याच शिरेतून आधी लिव्हरकडे जातं. तिथं त्यावर प्रक्रिया होते आणि मग रक्त हृदयाकडे निघतं.

आता हे शेतातल्या पाटासारखं समजा. मुख्य पाटातून चाऱ्यांमध्ये पाणी व्यवस्थित जात असतं. चाऱ्यांमध्ये गाळ आणि दगड भरले तर पाणी मागे तुंबतं, बांधाच्या कच्च्या जागेतून वाट काढतं आणि नको त्या ओघळीत शिरतं. लिव्हरला वर्षानुवर्षे इजा होत राहिली की त्यात जखमेच्या व्रणासारखे कडक धागे तयार होतात. यालाच सिरॉसिस म्हणतात. रक्ताच्या बारीक वाटा दबतात आणि पोर्टल शिरेतला दाब वाढतो. आपल्या हाताला पट्टा बांधून मोजतात तो बीपी वेगळा, हा वेगळा. हाताचा बीपी अगदी नॉर्मल असताना हा आतला दाब धोक्याचा असू शकतो, हे लक्षात ठेवा.

हा दाब लिव्हरच्या अलीकडचा आणि पलीकडचा असा मोजून त्यातला फरक काढतात. निरोगी माणसात तो फरक पाऱ्याच्या मापात ५ मिलिमीटरपर्यंत असतो. १० च्या वर गेला की फुगलेल्या शिरा आणि पोटात पाणी होण्याची शक्यता वाढते, १२ च्या वर गेला की शिरा फुटण्याची भीती असते. सर्वांत नाजूक बांध म्हणजे अन्ननलिकेच्या खालच्या टोकातल्या शिरा. त्या पायावरच्या फुगलेल्या शिरांसारख्या गाठाळ होतात. दुखत नाहीत, खुपत नाहीत. म्हणूनच माणूस "मला काही होत नाही" म्हणत फिरत राहतो आणि पहिलं लक्षण थेट रक्ताची उलटी हेच असतं.

कधी उलटी होतच नाही. रक्त खाली उतरतं आणि संडास डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची होते. लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळी होते हे खरं, पण चक्कर, घाम, अशक्तपणा सोबत असेल तर थांबू नका.

रक्त सुरू झालं तर

१०८ ला फोन करा. माणसाला एका कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. पाणी, लिंबू सरबत, दूध, काहीही पाजू नका. मीठ-पाणी पाजून उलटी काढायचा प्रकार काही ठिकाणी अजून चालतो, तो जीवघेणा आहे. गाडीत बसल्यावरच विचारून घ्या की पुढच्या दवाखान्यात दुर्बिणीने तपासणी म्हणजे एन्डोस्कोपी होते का. या आजारात सलाईनने वेळ मिळतो, खरा इलाज मात्र दुर्बिणीतून होतो. फुटलेल्या शिरेला आतून रबरी बँड घालून ती बंद करतात. सोबत शिरेतला दाब कमी करणारं औषध आणि अँटिबायोटिक देतात. अँटिबायोटिक कशाला, असं वाटेल. पण लिव्हरच्या रुग्णाला रक्तस्राव झाला की लगेच जंतुसंसर्ग होतो आणि वेळेवर अँटिबायोटिक दिल्याने मृत्यू कमी होतात हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. एवढं सगळं करूनही अशा रक्तस्रावानंतर सहा आठवड्यांत साधारण १५ ते २० टक्के रुग्ण दगावतात. आजार किती गंभीर आहे याची त्यावरून कल्पना येईल.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे, कारण दवाखान्याच्या दारात यावरून भांडणं होतात. नातेवाईक म्हणतात, "एवढं रक्त गेलं, चार बाटल्या चढवा की!" आणि डॉक्टर एकच चढवून थांबतात. मग आरोप होतो की डॉक्टर लक्ष देत नाहीत. स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात यावर मोठा अभ्यास झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. पोटातून रक्तस्राव झालेल्या ९२१ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलं, दुसऱ्याला ९ च्या खाली गेल्यावर. सहा आठवड्यांनी पाहिलं तर हात राखून रक्त दिलेल्या गटात ९५ टक्के जिवंत होते, सढळ हाताने दिलेल्या गटात ९१ टक्के. कारण पाटाचंच आहे. तुंबलेल्या पाटात आणखी पाणी सोडलं तर बांध पुन्हा फुटणार. तेव्हा डॉक्टर रक्त मोजून देत असतील तर त्यामागे शास्त्र आहे. अर्थात रुग्ण शॉकमध्ये असेल, रक्त धो धो वाहत असेल तर हिशेब वेगळा असतो, तो डॉक्टरांनाच करू द्या.

साधी गोळी, मोठा शोध

१९८१ साली फ्रान्समधले डॉक्टर दिदिए लब्रेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. हृदयाचे ठोके कमी करणारी प्रोप्रॅनोलॉल नावाची जुनी, स्वस्त गोळी एकदा रक्तस्राव होऊन गेलेल्या सिरॉसिसच्या रुग्णांना दिली. एकूण ७४ रुग्ण होते. गोळी घेणाऱ्यांमध्ये पुन्हा रक्तस्राव होण्याचं प्रमाण खूपच कमी झालं. तेव्हापासून ही गोळी आणि तिच्या कुटुंबातली कार्व्हेडिलॉल ही या आजारातली हुकमी औषधं आहेत. २०१९ साली स्पेनमधल्या २०१ रुग्णांच्या अभ्यासात आणखी पुढची गोष्ट दिसली. ज्यांचा आतला दाब वाढलाय पण अजून पोटात पाणी वगैरे काही झालेलं नाही, अशांना या गोळ्या दिल्या तर आजार बिघडणं किंवा मृत्यू येणं हे २७ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं.

गोळी स्वस्त आहे म्हणून तिला कमी लेखू नका. आणि "आता बरं वाटतंय" म्हणून मनाने बंद करू नका. अचानक बंद केली की दाब पुन्हा उसळतो. दम्याच्या रुग्णाने मात्र ही गोळी घेण्याआधी डॉक्टरांना दम्याचं सांगायलाच हवं.

दुसरी एक समजूत डॉक्टरांमध्येही बरीच वर्षं होती, की लिव्हर खराब म्हणजे रक्त पातळ, त्यामुळे या रुग्णांना गुठळी होणारच नाही. रक्त गोठण्याचे बहुतेक घटक लिव्हर बनवतं, म्हणून तपासणीत रक्त गोठायला वेळ लागलेला दिसतो. पण गोठणं रोखणारे घटकही लिव्हरच बनवतं, तेही कमी झालेले असतात. म्हणजे तराजूची दोन्ही पारडी हलकी होतात, आणि तो कुठल्याही बाजूला झुकू शकतो. सिरॉसिसच्या अनेक रुग्णांच्या पोर्टल शिरेतच गुठळी सापडते. इटलीत ७० रुग्णांवर केलेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रक्त गोठू न देणारं इंजेक्शन वर्षभर दिलेल्या गटात त्या काळात एकालाही अशी गुठळी झाली नाही, न दिलेल्या ३६ जणांत ६ जणांना झाली. हे इंजेक्शन सरसकट सगळ्यांना द्यायचं नसतं. सांगायचा मुद्दा असा की लिव्हरचं रक्त हे "पातळ" आणि "घट्ट" एवढ्या दोन शब्दांत बसत नाही.

लिव्हर कडक होतं कशाने?

आपल्याकडे कावीळ हा आजार समजतात. खरं तर ते लक्षण आहे, डोळे आणि लघवी पिवळी होण्याचं. हिपॅटायटिस म्हणजे लिव्हरला सूज. ती विषाणूने येते, दारूने येते, चरबीने येते, औषधानेही येते.

दूषित पाण्यातून येणारे ए आणि ई हे विषाणू पावसाळ्यात गावंच्या गावं झोपवतात. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेतलं सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं आणि २९ हजारांवर लोकांना कावीळ झाली. तो विषाणू ई होता हे कळायला पुढे कित्येक वर्षं गेली. आपल्या राज्यात २०१२ साली इचलकरंजीत याच ई विषाणूची मोठी साथ आली होती. या दोन्हींत बहुतेक लोक आपोआप बरे होतात, लिव्हर कायमचं कडक होत नाही. एक मोठा अपवाद गरोदर बाईचा. शेवटच्या तीन महिन्यांत ई ची कावीळ झाली तर मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जातं. घरात गरोदर सून असेल आणि गावात साथ असेल तर पाणी खळखळ उकळूनच द्या, आणि डोळे पिवळे दिसले तर माळ शोधत न बसता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

शिरा फुटेपर्यंत मजल जाते ती बी आणि सी विषाणूंमुळे, दारूमुळे आणि अलीकडे फॅटी लिव्हरमुळे.

बी चा शोध अमेरिकेतले डॉ. बारूक ब्लुमबर्ग यांनी १९६५ च्या सुमारास लावला, १९७६ साली त्यांना नोबेल मिळालं. त्यांचा वाढदिवस २८ जुलै, म्हणून तो दिवस जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात बी चे सुमारे २ कोटी ९८ लाख आणि सी चे सुमारे ५५ लाख रुग्ण आहेत. यातल्या बहुतेकांना हे माहीतच नाही. हा विषाणू रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. मोठ्या माणसाला झाला तर शंभरातले ९५ जण तो स्वतःच परतवून लावतात. जन्मतःच झाला तर उलट, शंभरातल्या ९० बाळांत तो कायमचा राहतो आणि तिशी-चाळिशीत लिव्हर खराब झाल्यावर कळतो. म्हणून जन्मल्यापासून २४ तासांच्या आत बी ची पहिली लस द्यायची असते. नंतर ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंटमधून. सगळं फुकट. तैवानने १९८४ पासून बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली आणि काही वर्षांत तिथल्या ६ ते १४ वयाच्या मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर निम्म्यावर आला. कॅन्सर रोखणारी ही पहिली लस म्हणायला हरकत नाही. आपल्या देशात १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ही लस देशात बनवली, तेव्हा कुठे ती सामान्यांच्या आवाक्यात आली. सरकारी लसीकरणात ती देशभर पोहोचली २०११ नंतर. म्हणजे आज पंचविशी ओलांडलेल्या गावाकडच्या बहुतेकांना लहानपणी ही लस मिळालेलीच नाही.

सी वर लस नाही, पण गोळ्यांनी तो पूर्ण बरा होतो. त्याच्या शोधासाठी हार्वी ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चं नोबेल मिळालं. पूर्वी वर्षभर इंजेक्शनं घ्यावी लागत, त्यानेही निम्मेच बरे होत. आता बहुतेकांना रोजच्या गोळ्या, १२ आठवडे, आणि शंभरातले ९५ च्या आसपास बरे. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला. त्यात बी आणि सी दोन्हीची तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात जाऊन "हिपॅटायटिस उपचार केंद्र कुठं आहे" एवढं विचारा.

विषाणू पसरवण्यात सुईचा वाटा मोठा आहे. २००९ साली गुजरातमधल्या मोडासा भागात एकाच सिरिंजने अनेकांना इंजेक्शन दिल्याने बी ची साथ पसरली आणि कित्येक जण मेले. आपल्याकडे अजून "डॉक्टर, गोळी नको, सुई मारा" हा आग्रह सुटत नाही. सुई घ्यायचीच असेल तर पाकीट डोळ्यांसमोर फोडायला लावा. लाज वाटायचं काही कारण नाही. दाढीचं ब्लेड, जत्रेतलं गोंदण, कान टोचणं यांनाही हाच नियम.

विषाणू थेट रक्तवाहिन्यांवरही उठतात. सी च्या काही रुग्णांच्या पायांवर जांभळे-लाल ठिपके येतात, सांधे दुखतात, पायांना मुंग्या येतात. विषाणूविरुद्ध तयार झालेली प्रथिनं बारीक रक्तवाहिन्यांत अडकून तिथं सूज येते, त्याचा हा परिणाम. बी मुळे क्वचित मधल्या आकाराच्या धमन्यांना सूज येते, त्यात बीपी अचानक वाढतो, मूत्रपिंडाला त्रास होतो. आणि फॅटी लिव्हर असलेल्यांमध्ये मृत्यूचं सर्वांत मोठं कारण लिव्हर नसून हृदयविकार आहे. सोनोग्राफीत "फॅटी लिव्हर" लिहून आलं की लोक कागद कपाटात टाकतात. त्या दिवशी साखर, कोलेस्टेरॉल आणि हाताचा बीपी तपासून घ्यायला हवा.

लहान मुलाला रक्ताची उलटी झाली तर

हे दारू न पिणाऱ्या घरातही होतं. आपल्या देशात काही मुलांच्या लिव्हरला काहीच झालेलं नसतं, पण लिव्हरकडे जाणारी पोर्टल शीरच बंद झालेली असते. काहींमध्ये जन्मल्यावर नाळेला झालेला जंतुसंसर्ग त्याला कारण ठरला असावा असं डॉक्टर मानतात. मूल खेळतं-बागडतं असतं, डाव्या बरगडीखाली पाणथरी मोठी लागते, वाढ थोडी मागे असते आणि एक दिवस रक्ताची उलटी. लिव्हर चांगलं असल्यामुळे ही मुलं योग्य उपचाराने चांगली जगतात. बाळाच्या नाळेला शेण, राख, हळद लावू नका असं आशाताई सांगतात, त्यामागे हेही एक कारण धरा.

माळ, चुन्याचं पाणी आणि काढे

काविळीची माळ गळ्यात घातली की ती रोज लांब होत जाते आणि कावीळ उतरते, असं मानतात. ओल्या काड्यांची ती माळ असते. काड्या वाळून बारीक झाल्या की गाठी सैल होतात आणि माळ लांबते. निरोगी माणसाच्या गळ्यात घाला, तरी लांबेल. चुन्याच्या निवळीत हात धुतल्यावर पाणी पिवळं होतं, ते हाताला आधी लावलेल्या आंब्याच्या सालीच्या रसामुळे. ए आणि ई ची कावीळ तशीही काही आठवड्यांत उतरते, त्यामुळे श्रेय माळेला मिळतं. बी, सी आणि दारूच्या रुग्णाचे मात्र यात महिने जातात. पोटावर डाग देणं, नाकात रस पिळणं हे तर बंदच करा.

काढ्यांबद्दलही सावध राहा. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती, आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेपही घेतला. वाद तज्ज्ञांचा आहे, पण आधीच लिव्हर खराब असलेल्याने कुठलाही काढा डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये, एवढं पाळायला काय हरकत आहे? भाजीतली हळद बंद करायची गरज नाही. ती पिवळी आहे म्हणून कावीळ वाढते, ही निव्वळ समजूत.

मेडिकलमधून आणलेली अंगदुखीची गोळी मात्र फुगलेल्या शिरांच्या रुग्णाला खरोखर घातक आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो आणि मूत्रपिंडही बसतं. दुखलं तर पॅरासिटॅमॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच.

पोटात पाणी झालं असेल तर लोणचं, पापड, खारी शेव बंद. डाळ, अंडी, दूध बंद करू नका, जुना सल्ला आता बदलला आहे. उपाशीपोटी लिव्हर सुधारत नाही, स्नायू झडतात. रुग्ण दिवसा झोपून रात्री जागायला लागला, असंबद्ध बोलायला लागला, हात पुढे केल्यावर पंजे फडफडायला लागले तर तो "वेडा" झालेला नाही, लिव्हरमधून न गाळलेलं रक्त मेंदूकडे जातंय. त्यावर औषध आहे, लगेच न्या.

तपासणी कुणी करावी?

पूर्वी कधी रक्त चढवलं असेल, ऑपरेशन झालं असेल, डायलिसिस सुरू असेल, अंगावर गोंदण असेल, घरात कुणाला बी किंवा सी असेल, रोजची दारू असेल किंवा बाई गरोदर असेल, तर बी साठी एचबीएसएजी आणि सी साठी अँटी-एचसीव्ही या दोन रक्ततपासण्या करा. अमिताभ बच्चन यांनी जाहीरपणे सांगितलं आहे की १९८२ च्या 'कुली'च्या अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून त्यांना बी ची लागण झाली आणि लिव्हरचा ७५ टक्के भाग खराब झाल्याचं फार उशिरा कळलं. एवढ्या मोठ्या माणसाला उशीर झाला.

सिरॉसिस असल्याचं आधीच निघालं असेल तर रक्ताची उलटी होण्याची वाट न पाहता दुर्बिणीची तपासणी करून घ्या आणि कॅन्सर लवकर सापडावा म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. महात्मा फुले योजनेत आपला उपचार बसतो का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भरती होतानाच विचारा, बिल झाल्यावर नव्हे. बी च्या गोळ्या सुरू असतील तर त्याही अचानक सोडू नका, विषाणू पुन्हा जोराने उठतो.

आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून घरात ताट-तांब्या वेगळा करायचा, जेवायला बाजूला बसवायचं, असलं काही करू नका. बी आणि सी हे विषाणू एकत्र जेवल्याने, हात मिळवल्याने, बाळाला जवळ घेतल्याने पसरत नाहीत. ब्लेड, टूथब्रश आणि नेलकटर तेवढं वेगळं ठेवा, नवरा-बायकोंनी कंडोम वापरावा आणि रिपोर्ट बी चा असेल तर घरातल्या बाकीच्यांची तपासणी करून ज्यांना लागण नाही त्यांना लसीचे तीन डोस द्या. पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी.